त्या वर्षीच्या कुरडया

"बस म्हणलं न्हवं तुला?" आई वरून ओरडली. "सकाळपासनं जिन्याला खेपा घालतुयास. जिना तरी झिजंल न्हाईतर तुझं पाय तरी."

मी जिन्याच्या मधल्या पायरीवर उभा होतो तसाच उभा राहिलो. वर गच्चीत आई होती. खाली भिंतीला भिंत लागून तांबोळ्यांचं अंगण, आणि त्या अंगणातल्या खिडकीत त्यांचा फोन. वर जाऊन बसलो आणि फोन वाजलेला ऐकूच आला नाही तर, ही धास्ती. खाली जाऊन उभा राहिलो तर रशीदाभाभी पुन्हा चहा विचारणार, आणि बळंच बसवून घेणार. म्हणून मी आपला मधे, धड ना वर धड ना खाली.

आमच्या विट्यात तेव्हा घरोघरी फोन आलेले नव्हते. आमच्या बोळात एकच होता, तो तांबोळ्यांचा. त्यावर सकाळीच मिरजेहून सासऱ्यांचा फोन येऊन गेला होता. माझ्या बायकोला, वैजयंताला, पहाटे दवाखान्यात हलवलंय, कळा सुरू झाल्यात, डॉक्टरीणबाई म्हणतात अजून अवकाश आहे. "तुम्ही तिथंच थांबा जावईबापू. काही झालं की लगेच कळवतो."

'काही झालं की'. हे तीन शब्द मी सकाळपासून चघळत होतो. काही म्हणजे काय? चांगलं झालं की, असं का नाही म्हणाले? माणूस साधंच बोलतो, पण ऐकणाऱ्याचं डोकं ठिकाणावर नसलं की साध्या बोलण्यालाही शिंगं फुटतात.

मुळात मी शांत बसणारा माणूसच नाही. माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. तिथं जळालेल्या मोटारींत नवी तांब्याची तार गुंडाळताना तेवढा मी एका जागी टिकायचो. एरवी जेवतानासुद्धा माझा एक पाय हलत असतो असं वैजयंता म्हणायची. त्या दिवशी तर दुकानच उघडलं नव्हतं. तार तुटली असती आणि गिऱ्हाईकाच्या मोटारीचं वाटोळं झालं असतं.

मग मिरजेलाच का गेलो नाही? एसटीनं जाऊन किती वेळ लागतो! पण वैजयंतानं माझ्याकडून शपथ घेतली होती. माहेरी निघाली त्या दिवशी, पिशवी भरता भरता.

"या खेपेला बाळ रडल्याशिवाय तुम्ही यायचं नाही."

"का?"

"मागच्या वेळी तुम्ही दाराबाहेर येरझाऱ्या घालत होतात. तुमच्या वहाणा करकरत होत्या. मला आत दुसरं काही ऐकू येत नव्हतं, फक्त तेच. कर्र कर्र, कर्र कर्र. आणि ज्याचा आवाज यायला पाहिजे होता तो आलाच नाही."

एवढं बोलून ती पुन्हा पिशवी भरायला लागली. मागच्या वर्षी आमचा मुलगा जन्मला तो न रडताच. दिसायला सगळा व्यवस्थित, नाकीडोळी नीटस. फक्त रडला नाही. मी आईची शपथ घेतली आणि तो कोल्हापुरी जोड घराबाहेर काढून ठेवला. चार दिवसांनी पुन्हा घालायला लागलो, कारण दुसरा नव्हता.

"मुरली! वर ये. पाणी ठेवलंय मी," आई म्हणाली.

"कसलं पाणी?"

"कुरडयांचं."

मी दोन दोन पायऱ्या चढत वर गेलो. गच्चीच्या कोपऱ्यात तीन विटांची चूल, तिच्यावर आमचं सगळ्यात मोठं पातेलं, आणि आई फुंकणी घेऊन जाळ करत बसलेली. शेजारी डब्यात चीक. चार दिवसांपूर्वी तिनं गहू भिजत घातले होते, रोज पाणी बदललं होतं, काल वाटून, चोळून, फडक्यातून गाळून चीक काढून ठेवला होता. वरचं पाणी ओतून टाकल्यावर खाली दह्यासारखा पांढरा गोळा बसला होता. गच्चीवर प्लास्टिकचा कागद अंथरून तयार, कावळ्यांसाठी जुन्या छत्रीचं काळं कापड काठीला बांधून तयार.

माझं डोकंच फिरलं.

"आज? आज कुरडया घालायच्या?"

"मग कवा? चीक काय वाट बघत बसतोय व्हय? आज न्हाई शिजवला तर आंबून वर यील. गटारीत ओतायचा का मग?"

"ओत की! तिकडं तिचा जीव टांगणीला लागलाय, आणि तुला कुरडया सुचतायत?"

"सुचत्यात," आई म्हणाली आणि पाण्यात मुठीनं मीठ टाकलं. "लाकूड सरकव जरा आत. धूर हुतोय."

मी लाकूड सरकवलं. रागानं सरकवलं, त्यामुळं जास्तच धूर झाला आणि दोघांच्याही डोळ्यांत गेला. आई पदरानं डोळे पुसत राहिली. मला वाटलं, काय दगडाच्या काळजाची बाई आहे ही! सून दवाखान्यात, मागच्या वेळचं तसं झालेलं, आणि हिचा जीव गव्हात. माझे वडील मी शाळेत असताना गेले तेव्हाही ती तिसऱ्या दिवशी उठून रानात गेली होती असं चुलते सांगायचे. कौतुकानं सांगायचे. मला त्या दिवशी त्यात काही कौतुक वाटेना.

तेवढ्यात खाली फोन वाजला.

मी जिना कसा उतरलो ते मला आठवत नाही. तांबोळ्यांच्या अंगणात पोचलो तेव्हा रशीदाभाभी रिसीव्हर कानाला लावून हसत होत्या. माझ्याकडं बघून त्यांनी हसू आवरलं आणि हातानंच नाही म्हणून सांगितलं. त्यांच्या भावाचा फोन होता इचलकरंजीहून. घरात शेळी व्यायली होती. दोन पिल्लं, दोन्ही ठणठणीत, एक तर उभं राहून उड्या मारतंय, हे सगळं मला उभ्या उभ्या ऐकावं लागलं, कारण भावाचा आवाज रिसीव्हरच्या बाहेर अंगणभर पसरत होता.

"मुरलीभाऊ," फोन ठेवल्यावर भाभी म्हणाल्या, "तुम्ही वर जावा. मी हितंच हाय. खिडकीपासनं हलणार नाही. आला की हाक मारते."

"नक्की?"

"अल्लाशप्पथ."

मी वर आलो. पाण्याला आधण आलं होतं. आई पातेल्याकडं बघत उभी होती, आणि तिच्या हातात मिठाचा डबा होता.

"मीठ टाकलं का रं मी?"

"मला काय ठाऊक? नसशील टाकलं."

"टाकलं न्हाई न्हवं?"

"नाही म्हटलं ना!"

माझे कान खाली होते. तिनं मीठ टाकलं. आई मिठाबद्दल कुणाला विचारतेय, हे आमच्या घरात कधी घडलं नव्हतं. सबंध गल्लीतल्या बायका कुरडया घालताना तिला बोलावून न्यायच्या, नुसतं मीठ टाकायला. पण त्या वेळी माझ्या काहीच लक्षात आलं नाही.

"आता दांडा घे आन ढवळ," ती म्हणाली. "मी चीक वततीया. हात थांबवू नगंस. थांबलास की गाठी."

एकदा चीक उकळत्या पाण्यात पडायला लागला की माणूस त्या पातेल्याला बांधला जातो. ढवळणाऱ्यानं थांबायचं नाही आणि ओतणाऱ्यानंही थांबायचं नाही. पांढरं पाणी बघता बघता घट्ट होतं, दांडा जड होतो, खांदे भरून येतात. खालून जाळ, वरून वैशाखातलं ऊन. बोळातल्या यंत्रमागांचा खडखडाट चालू होता तो चालूच. माझ्या कपाळाचा घाम नाकावरून ओघळत होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

आणि बरोब्बर तेव्हा खाली पुन्हा फोन वाजला.

"आई!"

"ढवळ."

"आई, फोन!"

"ऐकतीया मी. ढवळ तू. ती हाय न्हवं खाली."

फोन वाजला, थांबला. म्हणजे भाभीनं उचलला. आता हाक येणार. मी दांडा फिरवत होतो आणि हाकेची वाट बघत होतो. हाक येईना. चांगलं असतं तर लगेच ओरडली असती. वाईट असेल म्हणून ओरडत नाही. जिन्यानं वर येणार आणि जवळ येऊन हळू आवाजात सांगणार. मला तिची पावलं जिन्यावर ऐकूही यायला लागली. प्रत्यक्षात जिन्यावर कुणीच नव्हतं. मी आईकडं बघितलं. ती चिकाची धार ओतत होती आणि धार हलत होती. मला वाटलं डबा जड झाला असेल.

"जाऊ का मी?"

"जा," आई म्हणाली. "गाठी हू देत."

ती असं म्हणाली आणि मला जाता येईना. शेवटची धार संपेपर्यंत, चीक काचेसारखा चकाकेपर्यंत मी ढवळत राहिलो. ते कसलं समजूतदारपण वगैरे नव्हतं. नुसते पाय हलले नाहीत.

आईनं पातेलं उतरवलं. दर वर्षी असा चीक उतरला की पहिली वाटी ती स्वतः घ्यायची, त्यावर तुपाची धार सोडायची आणि डोळे मिटून खायची. वर्षातून एकदाच मिळणारी चीज, असं म्हणायची. त्या दिवशी तिनं वाटी भरली, तूप सोडलं आणि ती माझ्यापुढं केली.

"खा."

"नको."

"सकाळपासनं काय न्हाई पोटात."

"नको म्हटलं ना, आई! घास फिरतोय तोंडात."

तिनं वाटी कठड्यावर ठेवली. सोऱ्यात चीक भरला आणि कागदावर वाकून कुरडया घालायला लागली. ऊन मी म्हणत होतं. एक घातली, दुसरी घातली. दुसरी वाकडी झाली. तिसरी तर मधेच तुटली. आईची कुरडई तुटलेली मी जन्मात पाहिली नव्हती.

तेवढ्यात जिन्यावर खरोखरची पावलं वाजली. रशीदाभाभी पदर खोचत वर आल्या आणि माझा चेहरा बघून जागच्या जागी थांबल्या.

"न्हाई हो न्हाई! तो फोन कारखान्याचा होता. मालकांचा. यांना पाळीवर लवकर बोलावलंय. मुलीला बसवून आलीया फोनपाशी. म्हणलं मावशींना हात लावू जरा." आणि कठड्यावरची वाटी बघून त्या म्हणाल्या, "हा कुणाचा?"

"खा तू," आई म्हणाली. "हा खात न्हाई."

भाभीनं बोटानं घास घेतला, तोंडात टाकला. आणि तशाच राहिल्या. गिळवेना आणि थुंकताही येईना. शेवटी डोळे घट्ट मिटून गिळला.

"मावशी," त्या म्हणाल्या, "मीठ..."

"कमी झालं?"

"कमी कुठलं! समुद्र झालाय समुद्र!"

मी पुढं होऊन बोटभर घेतला. जिभेला झिणझिण्या आल्या. आई माझ्या तोंडाकडं बघत होती, शिकवणीतल्या पोरीसारखी, कावरीबावरी.

"तूच बघ की चाखून," मी म्हणालो.

"मला न्हाई चालायचं."

"का?"

"उपास हाय."

"आज? आज बुधवार. बुधवारी कसला उपास?"

आईनं सोऱ्या कागदावर ठेवला, हाताचा चीक हातानंच निपटला.

"मावशी," भाभी हळूच म्हणाल्या, "सकाळी मी चहा आणला तवा पाणी बी नको म्हणला व्हता तुम्ही."

"धरलाय," आई म्हणाली. "आज फोन आला तवापासनं. तिची सुटका हुस्तवर पाणी बी घ्यायचं न्हाई."

एवढं ऊन, एवढा जाळ, आणि ही बाई सकाळपासून कोरडी. मी तिच्याकडं बघत राहिलो. मग मला ती धार आठवली, हलणारी.

"किती वेळा टाकलंस मीठ?" मी विचारलं.

"एकदा टाकलं. मग तू खाली पळालास तवा टाकलं का न्हाई कळंना, म्हणून परत टाकलं. मग तुला इचारलं. तू म्हणलास न्हाई टाकलं." ती कठड्याला टेकून खाली बसली. "मागच्या खेपेला मी देवापुढं हात जोडून बसले हुते, मुरली. दिवसभर. हाताला काम न्हाई, मग डोक्यात नको नको ते यायचं. फोन आला तवा हात तसंच जोडलेलं. ते सोडवंनात मला. या खेपेला ठरवलं, रिकामं न्हाई बसायचं. दिवस भरत आल्यात म्हणून गहू घातलं भिजत. म्हणलं, येळ यील तवा हातात कायतरी असू दे. मला लई भ्या वाटतंय रं."

आईला भ्या वाटतंय, हे वाक्य मी तिच्या तोंडून तोवर ऐकलं नव्हतं आणि नंतरही ऐकलं नाही. मला रडू यायला पाहिजे होतं. आलं हसू. मी हसायला लागलो, मग भाभी तोंडाला पदर लावून हसायला लागल्या, आणि आई आमच्या दोघांकडं चिडून बघता बघता स्वतःच हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते कुणी पुसलं नाही.

"टाकायच्या का आता या?" शेवटी ती म्हणाली.

"टाकायच्या कशाला? या तळायच्या त्या दिवशी आमटीत मीठ घालायचं न्हाई. झालं," भाभी म्हणाल्या आणि फोनपाशी बसायला खाली गेल्या.

मी कागदासमोर मांडी घातली. "आण तो सोऱ्या इकडं."

"तुला जमायचं न्हाई."

"आयुष्यभर तार गुंडाळतोय. आण."

आई चीक भरून द्यायची, मी घालायचो. पहिल्या दोन-चार बिघडल्या. मग हाताला अंदाज आला. सोऱ्या दाबायचा आणि गोल फिरवायचा, वेढ्याला वेढा लागला पाहिजे, पण चिकटून गोळा होता कामा नये. चीक गरम होता. सोऱ्याचं पितळ हाताला चटके देत होतं. आंबूस वास येत होता. छत्रीचं कापड वाऱ्यानं फडफडलं की कठड्यावरचा कावळा उडायचा आणि पुन्हा येऊन बसायचा. माग खडखडत होते. आई मधेच म्हणायची, "ही बरी झाली." मग थोड्या वेळानं, "हीबी बरी झाली." कागद भरत गेला.

केव्हातरी माझ्या लक्षात आलं की माझा पाय हलत नाहीये. मी फोनसाठी कानही देत नव्हतो. भीती गेली नव्हती, ती तिथंच होती, आमच्या दोघांच्या मधे बसलेली. पण बसलेली होती. येरझाऱ्या घालत नव्हती. ऊन होतं, आई होती, पुढची कुरडई होती. मला एवढं बरं कधीच वाटलं नव्हतं, आणि त्या दिवशी तसं वाटावं याचंच मला नवल वाटलं.

फोन वाजला. या वेळी तो फार वेळ वाजला नाही.

"मुरलीभाऊ! मिरज!"

आई ताडकन उभी राहिली. "ऊठ की!"

"एवढी पुरी करतो," मी म्हणालो आणि शेवटचा वेढा घातला. मग उठलो.

जिना उतरलो, रिसीव्हर घेतला. चिकानं तो माझ्या हाताला चिकटला. पलीकडं सासरे काहीतरी सांगत होते, मुलगी, वजन, डॉक्टरीणबाई. मी मधेच विचारलं, "रडली?"

"आं?"

"रडली का ती?"

"रडली काय विचारताय जावईबापू! दवाखाना डोक्यावर घेतलाय तिनं. वैजूबी बरी आहे. या आता."

मी अंगणात आलो आणि वर बघितलं. आई कठड्यावरून वाकून उभी होती. मुलगा की मुलगी, तिनं विचारलं नाही. सून कशी आहे तेही नाही. एकच शब्द विचारला.

"आवाज?"

"दवाखाना डोक्यावर घेतलाय म्हणे!"

आई कठड्याआड दिसेनाशी झाली. मी धावत वर गेलो तर ती कागदाजवळ बसलेली, कठड्यावरची ती गार झालेली वाटी मांडीवर घेतलेली. बोटानं एक एक घास घेऊन डोळे मिटून खात होती. तोंड जरासुद्धा वाकडं केलं नाही तिनं. सगळी वाटी खाल्ली आणि मग तांब्याभर पाणी प्यायली.

त्या कुरडया आम्ही वर्षभर खाल्ल्या. कुरडया तळल्या की आमटी अळणी व्हायची, आणि आलेला पाहुणा बिचारा दोन्हीकडून फसायचा. पण ते नंतरचं.

त्या दिवशी संध्याकाळी मी मिरजेला पोचलो. दवाखान्यात तोच लांब बोळ, तसाच औषधांचा वास. दारापाशी मी थांबलो, वहाणा काढल्या, बाकाखाली सरकवल्या आणि अनवाणी आत गेलो. वैजयंता डोळे मिटून पडली होती. तिच्या कुशीत फडक्यात गुंडाळलेलं ते लालबुंद तोंड रडून रडून दमलेलं, झोपलेलं. मी स्टुलावर बसलो.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले.

"कधी आलात? ऐकू नाही आलं."

"मघाशीच."

तिनं माझा हात घेतला. मनगटाला चीक वाळून पापुद्रा धरला होता. तो तिनं नखानं खरवडला, निरखून बघितला.

"कुरडया घातल्या आईंनी? आज?"

"दोघांनी घातल्या."

"म्हणजे तुम्ही बसलात? एका जागी?"

"बसलो," मी म्हणालो.

ती माझ्या पायांकडं बघत राहिली. मग तिनं मुलीला कुशीतून उचलून माझ्या मांडीवर दिलं.